एबीएसचा दिवा विझेना: एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सात वर्षांची, पुढच्या चाकांना ताकद जाणारी पेट्रोल गाडी. मीटरवर ८६,००० किलोमीटर. मालकीणबाई ती रोज स्वतः चालवतात, सर्व्हिसिंग वेळेवर करतात, आणि गाडीत कुठे नवा आवाज आला तर तो त्यांना सगळ्यांत आधी ऐकू येतो. ओळख पटू नये म्हणून गाडीचं मॉडेल आणि माणसांची नावं गाळली आहेत. बाकी घडलं तसंच लिहितो आहे.

माझं काम गाड्यांच्या इलेक्ट्रिकल बिघाडांचं. माझ्याकडे येणारी गाडी बहुधा दोन-तीन ठिकाणी फिरून आलेली असते. या गाडीला तोवर नवी बॅटरी बसली होती, एक नवा सेन्सर बसला होता, कोड, म्हणजे गाडीने करून ठेवलेली बिघाडाची नोंद, तीन वेळा उडवून झाले होते आणि आता एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, मॉड्यूल बदला असा सल्ला मिळाला होता. मॉड्यूल म्हणजे ती यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, ब्रेकच्या यंत्रणेतला सगळ्यांत महाग भाग. तो घ्यायच्या आधी एकदा कुणाला तरी दाखवू, म्हणून बाईंनी फोन केला.

हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. यात कुणी फसवलं नाही, कुणी कामचुकारपणाही केला नाही. जो तो आपापल्या जागी पटण्यासारखं वागला, तरीही दीड महिना दिवा जळत राहिला.

अडचण

डॅशबोर्डवर तीन पिवळे दिवे होते: एबीएस, घसरण रोखणाऱ्या ईएसपीचा, आणि टायरमधल्या हवेचा. तीन दिवे म्हणजे तीन बिघाड, असं बाईंना वाटत होतं आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती होती. प्रत्यक्षात या तिन्ही यंत्रणा एकाच माहितीवर चालतात, ती म्हणजे प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय. एबीएस त्यावरून कोणतं चाक लॉक होतंय ते ओळखतं, ईएसपी त्यावरून गाडी घसरतेय का ते पाहतं. या गाडीत टायरच्या आत हवेचा वेगळा सेन्सर नाही. हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित लहान होतो, चाक थोडं जास्त फिरतं, आणि तो फरक पाहून दिवा लागतो. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की तिघीही हात वर करतात. एकदम बरेच दिवे लागले की आधी सगळ्यांचं समाईक मूळ शोधायचं.

फोनवर मी पहिला प्रश्न विचारला, "ताई, लाल रंगाचा ब्रेकचा दिवाही लागलाय का?" त्या म्हणाल्या, "नाही, सगळे पिवळेच आहेत." हा प्रश्न मी नेहमी पहिला विचारतो. नुसता पिवळा एबीएस असेल तर साधे ब्रेक पूर्वीसारखे लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. त्या बेताने हळू चालवत गाडी आणता येते. पण एबीएसबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते, किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. मग गाडी चालवत आणायची नाही, उचलून आणायची. ऑइल प्रेशरचा लाल दिवा आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा यांनाही हाच नियम: बाजूला घ्या, इंजिन बंद करा. चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर बेताने चालवत दाखवायला नेता येते. तोच लुकलुकू लागला तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतोय, म्हणून लगेच पाय हलका करायचा.

माझ्याकडे येण्याआधी काय काय झालं

बाई तीन आठवडे बाहेरगावी होत्या. गाडी दारात उभी होती. परत आल्यावर चावी फिरवली तर स्टार्टर रडत रडत फिरला. गाडी कशीबशी चालू झाली आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिन्ही दिवे लागले. स्वाभाविकपणे सगळ्यांनी बॅटरीला दोष दिला. तो अगदी चुकीचाही नव्हता. व्होल्टेज पडलं की मॉड्यूलं गोंधळतात आणि डॅशबोर्ड उजळून निघतो, हे मी कितीतरी गाड्यांत पाहिलं आहे. पहिल्या मेकॅनिकने मोजलं तेव्हा उभ्या गाडीत बॅटरी ११.९ व्होल्ट होती. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. बॅटरी पाच वर्षांची होती, ती बदलली. स्टार्टर ठणठणीत झाला. दिवे मात्र राहिले.

मग घरातल्या मुलाने फोनला जोडायचा छोटा कोड रीडर आणून स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावला. उत्तर आलं: एकही दोष नाही. या उत्तराने एक आठवडा वाया घालवला. असे साधे रीडर इंजिन आणि धुराशी संबंधित कोड वाचतात, म्हणजे "पी"ने सुरू होणारे. अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना बिघाड ओळखायची जी ओबीडी-२ पद्धत सक्तीची झाली तिचा मूळ हेतूच प्रदूषणावर नजर ठेवणं हा होता. एबीएसचे कोड "सी"ने सुरू होतात, ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतात आणि ते वाचायला त्या मॉड्यूलशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. "दोष नाही" या उत्तराचा खरा अर्थ "मी जिथे पाहिलं तिथे दोष नाही" एवढाच होता. पण घरच्यांनी तो "गाडी ठीक आहे, नुसता दिवाच अडकलाय" असा घेतला.

दुसऱ्या वर्कशॉपमध्ये नीट स्कॅनर लागला. कोड निघाला: डाव्या पुढच्या चाकाच्या वेगाचा सिग्नल नाही. त्यांनी कोड उडवला, दिवे गेले, बाई खूश होऊन निघाल्या आणि फाटकाबाहेर पडताच दिवे परत आले. असं आणखी दोनदा झालं. मग डाव्या चाकाचा सेन्सर बदलला. पुन्हा तेच. कोडही तोच. सेन्सर नवा आहे, वायर वरून ठीक दिसतेय, मग मॉड्यूलच गेलं असणार, असा त्यांचा निष्कर्ष. एकेक नाव खोडत शेवटी उरलेल्याला पकडायची ही पद्धत बरोबर आहे, पण ती लागू पडायला यादी पूर्ण हवी. त्यांच्या यादीत एक नाव कमी होतं.

पहिला निर्णय: काहीही उघडायच्या आधी नुसतं बघायचं

गाडी आली तेव्हा मी स्कॅनर बाजूला ठेवला. बाईंना चालवायला बसवलं, मी शेजारी बसलो. चावी ऑन केली. सगळे दिवे लागले आणि साधारण तीन सेकंदांत एबीएसचा विझला. इंजिन चालू केलं, तरी विझलेलाच. गाडी हळू पुढे घेतली: पाच, दहा किलोमीटर वेग, अजून काही नाही. पंधराच्या पुढे काटा गेला आणि टप्पकन तिन्ही लागले.

या अर्ध्या मिनिटात या प्रकरणातली निम्मी माहिती आहे. चावी ऑन होताच मॉड्यूल सेन्सरच्या तारा विजेच्या अंगाने तपासतं. तार तुटली असेल, कुठे शॉर्ट असेल, सेन्सरची आतली जोडणी तुटली असेल, तर गाडी जागेवरून हलायच्या आधीच दिवा लागतो किंवा मुळात विझतच नाही. इथे तो विझला, म्हणजे त्या तपासणीत सेन्सर आणि तार पास झाली. गाडी चालू लागल्यावर मॉड्यूल दुसरी गोष्ट पाहतं: चारही चाकांचे वेग एकमेकांशी जुळतात का. तिथे नापास. बिघाड विजेच्या वाटेवर कमी आणि सेन्सर जे पाहतोय त्यात जास्त, असा कल इथेच दिसत होता.

"दिवा नेमका केव्हा लागतो?" हा प्रश्न बाईंना तोवर कुणीच विचारला नव्हता. "लागलेलाच असतो," असं त्या सांगत होत्या, कारण गाडी चालवताना तो कायम दिसायचा. लोक खोटं सांगत नाहीत, आपण विचारलेल्याचं उत्तर देतात.

मग स्कॅनर लावला आणि चारही चाकांचे चालू वेग पडद्यावर घेतले. बाई चालवत होत्या, पडदा माझ्या हातात. हे काम एकट्याने चालवता चालवता करू नये. उजवं पुढचं १८, मागची दोन्ही १८, डावं पुढचं ०. वेग वाढवला, तिघे चढले, डावं शून्यावरच. मधेमधे झटका नाही, उडी नाही. तारा जोडणारा कपलर सैल असेल तर आकडा येतो-जातो. इथे सपाट शून्य.

आणि इथेच माझी चूक झाली. मी विचारलं, "ब्रेकचं काही काम केलं होतं का अलीकडे?" बाई ठामपणे म्हणाल्या, "नाही." मी पुढे गेलो.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर माझ्यासमोर चार शक्यता होत्या. मॉड्यूलचा त्या चाकापुरता इनपुट मेलाय. वायरिंगमध्ये असा काही दोष आहे जो स्थिर तपासणीत लपतो. नवा सेन्सर चुकीचा किंवा सदोष आहे. नवा म्हणजे चांगला, हे मी गृहीत धरत नाही. किंवा चाकाबरोबर फिरणारी, जी पाहून सेन्सर वेग ओळखतो ती चुंबकीय रिंग त्याच्यासमोर नाही.

सगळ्यांत सोपा प्रयोग होता डावा-उजवा सेन्सर अदलाबदल करण्याचा. या गाडीत दोन्ही बाजूंना एकच सेन्सर चालतो. दोष सेन्सरबरोबर उजवीकडे गेला तर सेन्सर खराब, डावीकडेच राहिला तर सेन्सर निर्दोष. कागदावर पंधरा मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. उजवा सेन्सर सात वर्षं त्याच भोकात बसलेला होता. भोवतीच्या लोखंडाला गंज धरला की ते फुगतं आणि सेन्सरच्या प्लास्टिकला आवळतं. ओढायला जावं तर डोकं हातात येतं आणि बुंधा आत राहतो, मग ड्रिल मारून काढावा लागतो. एका बिघाडाचा शोध घेताना दुसरा बिघाड पैदा करायचा, आणि तोही चांगल्या चाकात, हे मला मान्य नव्हतं. डावा सेन्सर नुकताच बसवलेला असल्याने तो सहज निघणार होता. म्हणून जे काही करायचं ते डावीकडेच, असं ठरवलं.

मोजमाप

जुन्या गाड्यांत या जागी साधी कॉइल असायची. तिचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजता यायचा, साधारण एक-दोन हजार ओहम, आणि चाक फिरवलं की ती स्वतः थोडी वीज तयार करायची. आताच्या बहुतेक गाड्यांत सक्रिय सेन्सर असतो. त्याला मॉड्यूलकडून व्होल्टेज मिळतं आणि तो दोनच तारांवर, करंट कमी-जास्त करून सिग्नल देतो: साधारण ७ मिलीअँपिअर आणि १४ मिलीअँपिअर. समोरून चुंबकाची एक बाजू गेली की सात, दुसरी गेली की चौदा. अशा सेन्सरला ओहममीटर लावून काहीच कळत नाही, पण अजूनही लावला जातो आणि "रेझिस्टन्स येत नाही, सेन्सर गेला" असा निकाल दिला जातो. त्याच निकालापायी बदललेले कितीतरी चांगले सेन्सर मी पाहिले आहेत.

आधी मी मॉड्यूलपासून चाकापर्यंतची तार तपासली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, हार्नेस (तारांचा जुडगा) हलवून, कपलरच्या पिना भिंगातून पाहून. यात दोन तास गेले. दिव्याच्या वागण्याने तार जवळजवळ निर्दोष ठरवली होती हे माहीत असूनही मी ते केलं, कारण आधीच्या वर्कशॉपने तार नुसती "वरून" पाहिली होती आणि मला ती शंका ठेवायची नव्हती. आज तेच काम आलं तर मी ते नंतरसाठी ठेवेन.

मग कोड उडवला, चावी पुन्हा ऑन केली आणि मल्टिमीटर सेन्सरच्या एका तारेत मालिकेत जोडला. करंट सात. जॅकवर उचललेलं चाक हाताने सावकाश फिरवलं. सात, सात, सात. चौदा एकदाही नाही.

सेन्सर भोकातून बाहेर काढला. त्याच्या टोकासमोर एक छोटा चुंबक धरला, तो उलटसुलट केला. चौदा, सात, चौदा, सात. सेन्सर जिवंत होता, त्याचं व्होल्टेज येत होतं, करंट बदलत होता. त्याच्यासमोर चुंबकच नव्हता.

भोकात टॉर्च मारला. आत बेअरिंगची कड दिसत होती आणि ती चकचकीत धातूची होती. तिथे काळपट, गुळगुळीत, रबरासारखी दिसणारी पट्टी असायला हवी होती. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत दात्यांची वेगळी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, तिच्यावर उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने उमटवलेले असतात. ती पट्टी डोळ्यांना साध्या सीलसारखीच दिसते.

योग्य प्रश्न

मी हात पुसून बाईंकडे गेलो. या वेळी विचारलं, "ताई, या डाव्या चाकाला अलीकडे कुणी हात लावला होता का? कशासाठीही."

"हो, आवाजाचं काम केलं होतं ना. साठच्या वेगाला घुंऽऽ असा आवाज यायचा. बेअरिंग बदललं."

"केव्हा?"

"मी बाहेरगावी गेले त्याच्या आदल्या दिवशी. मेस्त्रींनी संध्याकाळी गाडी दारात आणून लावली. मी पहाटेच निघाले, त्यामुळे नंतर चालवलीच नाही."

त्यांच्या दृष्टीने ते ब्रेकचं काम नव्हतंच. आवाजाचं काम होतं, आवाज गेला, काम संपलं. मधे तीन आठवडे गेले, वर बॅटरी उतरली, त्यामुळे दिवे "गाडी उभी राहिल्यामुळे" लागले अशी गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली होती. माझा पहिला प्रश्न मी माझ्या भाषेत विचारला होता. "ब्रेक" म्हटल्यावर मला हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), बेअरिंग, सेन्सर हे सगळं अभिप्रेत होतं, पण ऐकणाऱ्याला पॅड आणि पेडल यापलीकडे काही दिसणार नव्हतं.

त्यांच्या परवानगीने बेअरिंग बसवणाऱ्या मेस्त्रींना फोन केला. माणूस सरळ निघाला. "लाइट लागली होती भाऊ, गाडी सोडायला जाताना दिसली मला. मला वाटलं आधीपासूनच असेल. ताई घाईत होत्या, सांगायचं राहिलं." त्या वेळी हे एक वाक्य बोललं गेलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसरा निर्णय: खोलायचं कधी

आता दोन शक्यता उरल्या. बेअरिंग उलटं बसलंय, म्हणजे चुंबकीय बाजू सेन्सरच्या विरुद्ध दिशेला गेलीय. किंवा चुंबकीय पट्टी नसलेलं, एबीएस नसलेल्या मॉडेलचं बेअरिंग बसलंय. मापं तीच असल्याने ते बेमालूम बसतं. दोन्हींत उपाय एकच, कारण प्रेसने दाबून बसवलेलं असं बेअरिंग काढताना हब ओढला की आतल्या कडीवर आणि गोळ्यांवर ताण येतो. काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नसतं, उलटवून बसवू असं चालत नाही.

म्हणून आधी नवं बेअरिंग मागवलं, ते हातात आल्यावर तपासलं आणि मगच गाडी खोलली. यात दोन दिवस गेले आणि बाईंना ते दोन दिवस खटकले, हे मी समजू शकतो. पण गाडी जॅकवर उघडी ठेवून पार्टची वाट बघत बसणं मला जास्त वाईट वाटलं. त्या दोन दिवसांत त्या गाडी बेताने चालवत होत्या. पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा, ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबू नका, आणि लाल दिवा लागला तर तिथेच थांबा, एवढं मी स्पष्ट सांगितलं होतं.

नवं बेअरिंग तपासायला मी चुंबकीय क्षेत्र दाखवणारी हिरवट फिल्म वापरतो. बेअरिंगच्या बाजूवर ती ठेवली की चुंबकीय पट्टीवर बारीक उभ्या रेघा उमटतात, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. दुसऱ्या बाजूवर काहीच उमटत नाही. सीलच्या रंगावर विसंबू नये; तो बनवणाऱ्यागणिक बदलतो. रेघांची बाजू सापडली तिथे मार्करने ठिपका केला. हा ठिपका सेन्सरकडे, म्हणजे या गाडीत आतल्या बाजूला, इंजिनाकडे तोंड करून बसायला हवा.

चाकाचा नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात दाबून बसवतात तो लोखंडी भाग, काढून जुनं, म्हणजे दीड महिन्याचंच, बेअरिंग प्रेसने बाहेर ढकललं आणि त्यावर फिल्म ठेवली. आतल्या बाजूला कोरं. उलटवलं, बाहेरच्या बाजूला रेघा. बेअरिंग योग्य होतं, चांगलं होतं, फक्त उलटं बसलं होतं. आवाज गेला कारण बेअरिंगला दिशेचा फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त सेन्सरला.

बसवताना ज्या दोन गोष्टींना मी जपतो त्या सांगून पुढे जातो. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या कडीवर द्यायचा, आणि हब दाबताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा. उलट केलं तर गोळ्या आणि खाचा यांवर ठसे उमटतात आणि तोच घुंऽऽ आवाज नव्या बेअरिंगमध्ये परत येतो. आणि अॅक्सलचा नट नवा घेऊन, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळल्याशिवाय चाक जमिनीला टेकवायचं नाही. नट आवळलेला नसताना बेअरिंगवर गाडीचं वजन आलं तर ते पहिल्या दिवसापासून दुखावतं.

परिणाम

कोड उडवला, चाक हाताने फिरवत करंट पाहिला: सात, चौदा, सात, चौदा. रस्त्यावर घेतली. चारही आकडे सोबत चढले, १०, २०, ४०. एबीएसचा दिवा लागला नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, एकदा जोरात ब्रेक मारला. पेडल पायाखाली थरथरलं. एबीएस काम करत होतं.

ईएसपीचा दिवा मात्र तसाच.

खरं सांगतो, दहा मिनिटं माझ्या पोटात गोळा आला. पण स्कॅनरवर वेगळा कोड होता: स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरला आपला मध्य ठाऊक नाही. याची मुळं नव्या बॅटरीत होती. या गाडीत बॅटरीची तार सुटली की तो सेन्सर मध्य विसरतो. एरवी गाडी थोडी सरळ चालवली की तो स्वतः शिकतो, पण गाडी सरळ चाललीय हे त्याला चारही चाकांच्या वेगावरून कळतं. एक चाक शून्य सांगत होतं, मग तो कसा शिकणार? बॅटरी बदलल्यापासून हा दुसरा दोष पहिल्याच्या आड लपून बसला होता. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवलं, मग थोडं अंतर सरळ चालवलं. दिवा गेला. टायरच्या हवेची यंत्रणा चारही टायरांत हवा नीट भरून बटणाने पुन्हा शिकवली, तोही गेला.

चार महिने झाले. कुठलाच दिवा परत आलेला नाही. काढलेला मूळ सेन्सर मी चुंबकाने तपासला. तो व्यवस्थित आहे आणि बाईंच्या डिकीत ठेवलेला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बॅटरीबद्दल मी पहिल्या मेकॅनिकला दोष देणार नाही. ती बदलायला आलेलीच होती. पण बदलल्यावर दिवे राहिले, तिथे "बॅटरीमुळे दिवे" हा समज सोडून द्यायला हवा होता. तो कुणीच सोडला नाही. बाई मला पहिल्या फोनवरसुद्धा "गाडी उभी राहिल्यामुळे" असंच सांगत होत्या आणि मी ते खोडून काढलं नव्हतं.

कोड उडवण्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे. कोड उडवण्याआधी तो टिपून ठेवायचा, तो कोणत्या वेगाला, कोणत्या स्थितीत नोंदला गेला ते पाहायचं. या गाडीच्या मॉड्यूलमध्ये दोष लागतानाचा वेग साठवलेला होता. तो पहिल्याच वेळी वाचला असता तर "पंधरा किलोमीटर" हा आकडा तेव्हाच दिसला असता. तीन वेळा उडवून तो तीन वेळा पुसला गेला. चेक इंजिनच्या बाबतीत तर दुरुस्तीनंतर दिवा लगेच न विझणंही अनेकदा साहजिक असतं. दोष नसलेल्या तीन सलग फेऱ्या झाल्या की तो आपोआप विझतो. पेट्रोल टाकीचं झाकण सैल राहिल्यामुळे लागलेला दिवा झाकण आवळताच विझला नाही म्हणून घाबरून पार्ट बदलणारे मी पाहिले आहेत. एबीएसचं तसं नाही. ते प्रत्येक वेळी नव्याने तपासतं, त्यामुळे दुरुस्तीनंतर पहिल्या काहीशे मीटरमध्ये निकाल कळतो.

सेन्सर बदलण्याआधी चुंबकाची चाचणी करता आली असती. तिला पाच मिनिटं लागतात. मॉड्यूल बदललं असतं तर काय झालं असतं, तेही बाईंना सांगून ठेवलं: नवं मॉड्यूल, त्याचं कोडिंग, ब्रेक ऑइलमधली हवा काढण्याचं काम, आणि पंधराच्या वेगाला पुन्हा तोच दिवा.

माझ्या बाजूने मी एक बदल केला आहे. गाडी घेताना मी आता "ब्रेकचं काम केलं का?" असं विचारत नाही. "गेल्या सहा महिन्यांत गाडी कुणाकुणाकडे, कशासाठी गेली होती?" असं विचारतो आणि तारखांसकट लिहून घेतो, मग ते काच बदलणं असो की सीट कव्हर. सीट कव्हर बसवताना सीटखालचा एअरबॅगचा कपलर सैल होतो, हे त्या यादीतूनच कळतं. आणि गाडी ताब्यात घेताना व देताना, इंजिन चालू असताना आणि थोडं चालवून झाल्यावर, डॅशबोर्डचा फोटो काढतो. मेस्त्रींनीही हे सुरू केलं आहे, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं.

एक प्रश्न उरलाच आहे. उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग मूळचंच आहे, त्याचेही ८६,००० किलोमीटर झालेत. ते कधीतरी बोलू लागेल. त्या वेळी गंजात अडकलेला सेन्सर न तोडता कसा काढायचा हे ठरवावं लागेल. तोवर दर सर्व्हिसिंगला त्याच्या भोवती गंज सोडवणारं तेल थोडं मारून ठेवतो.